जिप्सीत डिझेल इंजिन टाकण्याआधी

सह्याद्रीत चिखलवाटा तुडवणाऱ्या मंडळींत मारुती जिप्सीवर जीव असलेले पुष्कळ आहेत. हिच्यात डिझेल इंजिन बसवलं तर, हा विचार त्यांच्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात कधी ना कधी येऊन गेलेला असतो. 1985 पासून तीन दशकांहून अधिक काळ ही गाडी भारतात विकली गेली, पण कंपनीने ती कायम पेट्रोलवरच दिली. जुन्या महिंद्रा जीपमध्ये डिझेल वर्षानुवर्षं चाललेलं सगळ्यांनी पाहिलेलं, तेव्हा जिप्सीतही चालेल असं धरून लोक कामाला लागतात. चालतंही. मात्र त्याबद्दल गॅरेजात जे सांगितलं जातं त्यातलं बरंच अर्धवट असतं, आणि त्यावर विसंबून मोठी रक्कम घालवलेल्यांची मला मनापासून काळजी वाटते.

सगळ्यात जुनी समजूत म्हणजे डिझेलला ताकद जास्त. आकडे बघा. जिप्सी किंगच्या 1298 सीसी एमपीएफआय इंजिनाची कमाल शक्ती 80 अश्वशक्ती, 6000 फेऱ्यांना. स्विफ्टमुळे घरोघर पोचलेल्या 1248 सीसी डिझेलची 75, 4000 फेऱ्यांना. म्हणजे शक्ती जवळपास तेवढीच, किंचित कमीच. फरक टॉर्कचा आहे: पेट्रोलचा 103 न्यूटन-मीटर, तोही 4500 फेऱ्यांना, डिझेलचा 190, आणि तो 2000 फेऱ्यांनाच. दगडांवरून हळूहळू चढताना हाफ क्लच न मारता गाडी उचलते ती याच गुणामुळे, आणि हे सुख खरं आहे.

पण गिअर तेच ठेवले तर डिझेल 4000 फेऱ्यांना पोचेल तेव्हा गाडीचा वेग पेट्रोलच्या 6000 फेऱ्यांच्या वेगाच्या दोन-तृतीयांशच असेल. जिप्सी किंगच्या ट्रान्सफर केसमध्ये ‘हाय’लासुद्धा 1.409 चं रिडक्शन आहे, त्यामुळे महामार्गावर हे इंजिन सतत ओरडत राहतं. त्यावर उपाय म्हणून गिअरिंग दीडपट लांब केलं, की चाकापर्यंत पोचणारा डिझेलचा फायदा जवळजवळ दुप्पटीवरून सव्वापटीवर येतो. म्हणून ज्यांना फक्त चढाला दम हवा आहे त्यांनी आधी ट्रान्सफर केसकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सुझुकीच्या या जातीच्या गाड्यांसाठी जास्त रिडक्शनचे गिअर संच मिळतात आणि त्यात इंजिनाला हातही लावावा लागत नाही.

‘फाउंडेशन वेल्ड केलं की झालं’ हेही असंच. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला जोडलेला नसतो, मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा उभा गिअरबॉक्स इंजिनासकट आणता येतो, ही मोठी सोय. स्विफ्टचं इंजिन मात्र मूळ गाडीत आडवं बसतं. ते उभं करायचं तर तिचा गिअरबॉक्स बाद, आणि अॅडॉप्टर प्लेट लेथवर बनवून घ्यावी लागते. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट केसभर जरी एका रेषेत नसले, तरी क्लच प्लेट आणि बेअरिंग लवकर जातात. ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलवर आपटणार नाही एवढी जागा, पुरेसा रेडिएटर, डिझेलची परतीची लाइन, पाणी वेगळं काढणारा फिल्टर हे सगळं वेगळंच. शिवाय 103 च्या हिशेबाने केलेल्या गिअरबॉक्सवर आणि सीव्ही जॉइंटवर 190 चा भार येतो.

पाण्याबद्दलचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, म्हणून ते ओढ्यात बंद पडत नाही, असं म्हणतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाबाबत यात तथ्य आहे. कॉमन रेलला ईसीयू आणि सेन्सर असतात, तिथे नाही. आणि खरा धोका एअर फिल्टरमधून पाणी आत जाण्याचा आहे. पिस्टन पूर्ण वर आल्यावर स्विफ्टच्या या डिझेलच्या एका सिलिंडरमध्ये 18-19 मिलिलिटर जागा उरते, म्हणजे चार चहाचे चमचेही नाहीत. जिप्सीच्या पेट्रोल इंजिनात ती साधारण दुप्पट असते. या उरलेल्या जागेहून जास्त पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. स्नॉर्केल दोन्ही इंजिनांना हवंच, डिझेलला पेट्रोलहून जास्त.

अॅव्हरेजचा हिशेब थोडक्यात. समजा वर्षाला 4000 किलोमीटर, पेट्रोलवर लिटरला 10 आणि डिझेलवर 15, भाव 104 आणि 90 रुपये. वर्षाची बचत साडेसतरा हजारांच्या घरात. कामाला दोन लाख लागले तर वसुलीला अकरा वर्षं.

‘एजंट आरसीवर चढवून देतो’ यावर तर अजिबात विसंबू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतली माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. दुसऱ्या इंधनावरचं रूपांतर किटने आणि ठरलेल्या अटींवरच होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी हाच मुद्दा काढते. म्हणून आरटीओची लेखी परवानगी हातात येईपर्यंत इंजिन विकत घेऊ नका.

आधीच डिझेल टाकलेली जिप्सी कुणी विकायला काढली असेल, तर आरसीवरचं इंधन आणि इंजिन नंबर जुळवा आणि मग ब्रेक तपासा. पेट्रोल इंजिन ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम थ्रॉटलमुळे आपोआप देतं. डिझेल देत नाही, त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि घाईच्या कामात नेमका तोच राहतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं, तर ती गाडी घाटात उतरवू नका.