वाघाच्या पायांखालची रेघ

संस्थांच्या मुद्रा आणि बोधचिन्हे रेखाटण्यात माझे बहुतेक आयुष्य गेले, आणि या व्यवसायाने जे शिकवले त्याचे सार असे की, संस्था ठराव करून प्राणी निवडते खरी, परंतु त्या प्राण्याच्या अंगी सद्गुण येतो तो त्याच्या उभे राहण्याच्या ढबीने. सिंह म्हणजे शौर्य, हत्ती म्हणजे स्थैर्य, बैल म्हणजे श्रम, ही कोष्टके लहानपणापासून आपल्या मनात पक्की बसलेली असतात. पण कागदावर उतरताना हाच सिंह क्रूर होऊ शकतो, हाच हत्ती सुस्त दिसू शकतो, आणि हाच बैल जोखडाखाली वाकलेला एक अगतिक जीव होऊन बसतो.

युरोपातील सरदारघराण्यांच्या ढालींवर कुलचिन्हे रंगवणाऱ्या कारागिरांनी ही गोष्ट शतकानुशतके ओळखली होती. मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला स्कॉटलंडचा सिंह आणि एक पंजा उचलून संथ पावलांनी चालणारे इंग्लंडचे तीन सिंह हे एकाच जातीचे प्राणी असले, तरी पहिल्यात आवेश आहे आणि दुसऱ्यांत सत्तेची सवय आहे. दक्षता दाखवायची असेल तेथे त्यांनी क्रौंच पक्षी घेतला, पण नुसता क्रौंच नव्हे. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाच्या नखांत दगड धरलेला क्रौंच, की ज्याला डुलकी लागली तर दगड खाली पडावा आणि त्याला जाग यावी. येथे सद्गुण पक्ष्याच्या नावात नाही, त्या दगडात आहे. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवर कोणताही प्राणी नाही. वाढत्या चंद्रकोरीची उपमा देणाऱ्या संस्कृत शब्दांवर तिचा सारा भार आहे. परंतु आपल्या गडकोटांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आढळतात, आणि जंजिऱ्याच्या महाद्वारावरील श्वापदाने पंजांत हत्ती पकडलेले पाहिले, म्हणजे त्या दुर्गाच्या मालकाला आलेल्या-गेलेल्यास काय बजावायचे होते हे वेगळे सांगावे लागत नाही.

तालुक्याच्या गावातील शेतकऱ्यांच्या एका पतसंस्थेसाठी मी बैल रेखाटला, तेव्हा ढबीचा हा प्रश्न मी अगदी जवळून पाहिला. संचालक मंडळाने बैल एकमताने मंजूर केला होता. तो कसा उभा असावा याविषयी मात्र ठरावात अवाक्षर नव्हते. म्हणून मी गुरांच्या बाजारात जाऊन खिल्लार बैलांसमोर वही घेऊन बसलो. बैल विसावलेला असतो तेव्हा तो एका मागल्या पायावरचा भार हलकेच काढून घेतो, त्यामुळे कंबर एका बाजूला कलते, पाठीची रेषा मोडते आणि तो थकलेला भासतो. गाडी ओढण्यासाठी जोर लावतो तेव्हा मान खाली जाते, वशिंड पुढे सरकते, खुर फाकतात आणि गळ्याखालची पोळी ताणली जाते. या आकृतीत बळ भरपूर असते, पण मुद्रेवर ती घेतली तर कर्जाच्या ओझ्याची आठवण होते, आणि पतसंस्थेने शेतकऱ्याला ती आठवण पानोपानी करून द्यावी हे मला योग्य वाटले नाही. या दोहोंच्या मधला क्षण मी निवडला: धनी दावणीकडे येताना दिसताच बैल चारही पायांवर सरळ होतो, मान उचलतो आणि कान पुढे करतो. त्यात तत्परता आहे, आणि लाचारी नाही. पुढे हाच बैल रबरी शिक्क्याच्या आकारात आणताना कानांच्या रेघा शाईत बुजू लागल्या, शिंगे एकमेकांत मिसळू लागली, म्हणून शिंगांमधील पोकळी प्रत्यक्षाहून रुंद करावी लागली. बैलाचे बैलपण त्या पोकळीतच होते.

प्राणी ठरवणे आणि तो उभा करणे यांतील अंतर किती असते याचा उत्तम दाखला रिझर्व्ह बँकेच्या मुद्रेचा आहे. बँकेचा कारभार १ एप्रिल १९३५ रोजी सुरू व्हायचा होता, आणि तिच्या मुद्रेसाठी अटी मोठ्या विचाराने घातल्या गेल्या होत्या: बँकेचे सरकारी स्थान सूचित व्हावे, पण फार ठळकपणे नव्हे, रचनेत काहीतरी भारतीय असावे, ती साधी, कलात्मक आणि कुलचिन्हांच्या शास्त्राला धरून असावी, आणि पत्राच्या माथ्यावरही फारसा बदल न करता चालावी. अनेक मुद्रा, पदके आणि नाणी तपासल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरील सिंह आणि ताडाचे झाड सर्वांत पसंत पडले. मात्र सिंहाऐवजी वाघ घ्यावा असे ठरले, कारण वाघ हा या देशाचा अधिक खास प्राणी मानला गेला. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीने जे पदक काढले, त्यावर ब्रिटिश सिंहाने टिपूच्या वाघाला जमिनीवर लोळवलेले आहे. हे ज्याला ठाऊक आहे त्याला या अदलाबदलीचे मोल निराळे सांगायला नको.

येथवरचे काम विचाराचे होते आणि ते चोख झाले. अडचण पुढे आली. मुद्रेचे काम मद्रासच्या एका संस्थेकडे दिले गेले, आणि २३ फेब्रुवारी १९३५ च्या बैठकीत संचालकांनी मसुदा मंजूर करतानाच प्राण्याचे रूप सुधारावे अशी इच्छा नोंदवली. परंतु तेव्हा मोठे फेरफार करण्यास अवधी उरला नव्हता. उपगव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे समाधान झाले नाही. त्यांनी टांकसाळीकडून आणि नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसकडून नवी रेखाटने मागवली, आणि कलाकाराला आधार म्हणून कलकत्त्याच्या बेल्व्हेडेअर प्रासादाच्या फाटकावरील वाघाच्या पुतळ्याचे छायाचित्रही काढवले. तरीही सप्टेंबर १९३८ मध्ये, म्हणजे ते स्वतः गव्हर्नर झाल्यानंतर, त्यांना लिहावे लागले की एका कलाकाराचा वाघ कुत्र्याच्या एखाद्या जातीसारखा दिसतो, आणि कुत्रा व झाड अशा चिन्हाची लोक टवाळी करतील. उपायही त्यांनीच सुचवला: दुसऱ्या कलाकाराच्या वाघाच्या पायांखाली ठाम रेघ ओढावी आणि त्याच्या झाडाला बळकटी आणावी. माझ्या मते हे वाक्य प्रत्येक चित्रशाळेत लावून ठेवण्याजोगे आहे. वाघाच्या तोंडावर किंवा पट्ट्यांवर त्यांनी इलाज शोधला नाही. तो पायांखालच्या भूमीत शोधला. जनावराचे वजन जमिनीवर पडलेले दिसले नाही तर त्याचे सामर्थ्य खरे वाटत नाही, आणि ज्या संस्थेच्या शब्दावर नोट चालायची, तिच्या वाघाला तरी अधांतरी राहून कसे चालेल? अखेर नाशिकहून चांगले नमुने आले. मूळ मुद्रा तशीच ठेवण्याचा निर्णय झाला, आणि नवे रेखाटन बँकेच्या नोटांवर, पत्रांवर आणि प्रकाशनांवर रूढ झाले.

भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह राजचिन्ह म्हणून २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. मूळ शिल्प समोर असतानाही, नंदलाल बसूंच्या हाताखालचे तरुण चित्रकार दीनानाथ भार्गव जिवंत सिंह न्याहाळण्यासाठी कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जात असत. दगडात दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेली आकृती नव्याने रेखाटतानाही ज्यांना प्रत्यक्ष जनावर पाहावेसे वाटले, त्यांची निष्ठा आपण वंद्य मानली पाहिजे.

बोधचिन्ह करून घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती एवढीच असते की, कोणता प्राणी हे ठरवून थांबू नका. सामान्य माणूस तुमच्या दारी येईल तेव्हा तुमची संस्था त्याच्यासमोर कशी उभी राहणार, तेही ठरवा, आणि ते ठरावात लिहा. उत्तर मिळाले की प्राणी क्वचित बदलावाही लागतो, आणि तो बदलण्याची तयारी ठेवावी. ठरावाची प्रत दप्तरात पडून राहते. लोकांच्या हाती पडते ते चित्र, आणि संस्थेची पारख ते त्या चित्रावरून करतात.