दुखत नाही म्हणजे काही नाही?

पावसाळा सुरू झाला की पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या डोंगरउतारांवरच्या वाड्यांमध्ये माणूस आणि विषारी जीव एकाच कोरड्या जागेच्या शोधात असतात. बिळांत पाणी शिरले की साप घराच्या आश्रयाला येतात. रचून ठेवलेले जळण, कौले, पेंढा हलवताना विंचवावर हात पडतो. अशा वेळी घरातले कोणीतरी हमखास विचारते, 'फार दुखतंय का?' उत्तर 'नाही' आले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि 'सकाळी बघू' म्हणून दिवा मालवला जातो. या प्रश्नामागचा हिशेब साधा आहे: इजा मोठी असेल तर वेदनाही मोठी असणार. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकतो हे समजायचे तर आपली मज्जासंस्था बाहेरच्या जगाची दखल कशी घेते ते पाहावे लागते. मज्जातंतू धोक्याचे मोजमाप करत नाहीत. ते काही ठरावीक गोष्टींची, आणि त्यातही मुख्यतः त्या गोष्टींमधल्या बदलांची, वर्दी देतात. जी गोष्ट त्यांच्या यादीत नाही तिच्याबद्दल ते गप्प राहतात, आणि ही शांतता आपण सुरक्षितता समजतो.

त्वचेत निरनिराळ्या संवेदनांचे निरनिराळे ग्राही असतात. कोणी दाब ओळखतो, कोणी कंप, कोणी गारवा, कोणी भाजणारी उष्णता. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उघडणारे एक प्रथिनाचे दार वेदनातंतूंच्या टोकांवर असते. मिरचीतला कॅप्सेसिन नेमके तेच दार उघडतो, म्हणून तिखट खाल्ल्यावर जीभ 'भाजते'. तिखट ही चव नसून वेदनेची वर्दी आहे, आणि तीही खोटी, कारण जिभेवर प्रत्यक्षात काहीच भाजलेले नसते. हे दार शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाब ओळखणारी प्रथिने शोधणारे आर्डेम पटापूटियन यांना २०२१चे नोबेल मिळाले. दार उघडले की सोडियमचे विद्युतभारित कण पेशीत शिरतात आणि विजेचा एक ठोका तंतूतून पुढे निघतो. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले की एका तंतूतला प्रत्येक ठोका सारख्याच ताकदीचा असतो. जोर वाढला की ठोके मोठे होत नाहीत, लवकर लवकर पडू लागतात. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची आहे. दाब तसाच कायम ठेवला तर ठोके हळूहळू विरळ होत जातात. अंगावरचा सदरा घालताना जाणवतो, मग दिवसभर जाणवत नाही, तो यामुळेच.

या वर्दीचा वेगही सगळीकडे सारखा नसतो. तीक्ष्ण वेदना वाहणारे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने निरोप नेतात, तर ठसठस वाहणाऱ्या बारीक तंतूंचा वेग सेकंदाला एखाददोन मीटरच असतो. अनवाणी पायात काटा गेला की आधी चटका बसतो आणि क्षणभराने कळ येते, ती या फरकामुळे. त्याआधीच पाय उचललेला असतो, कारण उचलण्याचा हुकूम मेरुरज्जूतूनच परस्पर सुटतो. मेंदूला खबर मागाहून लागते. म्हणजे जाणवणे आणि प्रतिसाद देणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाशिवाय दुसरे होऊ शकते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे प्रतिसाद स्वतःच घातकही ठरू शकतो.

यावर पेणमधलाच एक चांगला आक्षेप घेता येईल. हमरापूर, जोहे या गावांत आणि पेण शहरातल्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती घडवणारे कारागीर बोटांच्या आणि नजरेच्या भरवशावरच काम करतात. गालाच्या गोलाईतला डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्यांच्या बोटाला कळतो. मग संवेदनेवर विश्वास ठेवू नये असे कसे म्हणायचे? पण हा कारागीर बोट वापरतो कसे, ते जवळून पाहावे. पॉलिश पेपरने घासलेल्या पृष्ठभागावर तो बोट टेकवून थांबत नाही. हलकेच पुढेमागे फिरवतो. बोट फिरले की त्वचेच्या रेघांखालच्या ग्राहींना क्षणाक्षणाला नवा बदल मिळतो आणि ठोके विरळ व्हायला वावच उरत नाही. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवले की फिरते बोट १३ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतक्या उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखू शकते. म्हणजे कारागिराचा विश्वास संवेदनेच्या खऱ्या ताकदीवर आहे. ती तुलना करते, फरक सांगते. डाव्या गालाची उजव्याशी, या डोळ्याच्या आखणीची त्या डोळ्याच्या आखणीशी तुलना करायची असेल तर तिच्यासारखे साधन नाही. 'एकूण किती?' आणि 'किती धोक्याचे?' या प्रश्नांपाशी मात्र ती अडखळते.

रोह्यात हे नाकाच्या बाबतीत समजून घेणे गरजेचे आहे. कुंडलिकेच्या काठी धाटावला रासायनिक कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. कोणत्याही रासायनिक कारखान्यात, सांडपाण्याच्या टाकीत किंवा गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाचा नाकावर फार भरवसा असतो. नाकात गंधांचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत, पण तेही सततच्या वासाला काही मिनिटांत सरावतात. नव्या पाहुण्याला जो वास येतो तो तिथे राहणाऱ्याला येत नाही. याचा अर्थ हवा शुद्ध झाली असा होत नाही. हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट याहून वाईट. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेच्या दशलक्ष भागांत एक भागाहून कमी वायू असतानाही येतो, आणि प्रमाण शंभर भागांच्या पुढे गेले की काही मिनिटांत गंधाची जाणीवच बधिर होते. वास नाहीसा होतो तो नेमका धोका वाढल्यावर. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. म्हणून टाकीत उतरण्याआधी वायुमापक लावणे हा कागदी सोपस्कार मानू नये. नाक जे सांगू शकत नाही ते तो सांगतो.

आता साप. भारतात माणसे मरतात ती मुख्यतः चार सापांमुळे: नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. घोणस चावली की जागा सुजते, जळते, घरदार जागे होते. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिचे दात इतके बारीक असतात की अनेकदा खूणही दिसत नाही. जागेवर सूज नाही, आग नाही. तिच्या विषाला त्वचेतल्या वेदनातंतूंशी कर्तव्य नसते; ते रक्तातून जाऊन मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यावर काम करते. स्नायूला आकुंचनाचा हुकूम पोचवणारे रसायन तंतूच्या टोकात साठवलेले असते. विष ते टोकच निकामी करते. मग पहाटे पोटात दुखते, मळमळते, आणि हे पित्त किंवा अपचन समजले जाते. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस या सगळ्यात बऱ्याचदा पूर्ण शुद्धीवर असतो. ऐकतो, समजतो, फक्त पापणीही हलवू शकत नाही. एकदा निकामी झालेली टोके सर्पविषावरच्या लसीने परत येत नाहीत, ती नव्याने वाढावी लागतात. तोवर कृत्रिम श्वासोच्छ्वास मिळाला तर माणूस वाचतो. म्हणून इथे प्रत्येक तासाला मोल आहे, आणि तो तास 'दुखत नाही' या शब्दांपायी जातो.

विंचवाची कथा याच्या उलट बाजूची आहे, आणि तिचा उलगडा रायगड जिल्ह्यातच झाला. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेल्या रुग्णांपाशी रात्ररात्र बसून नोंदी केल्या. ठणकणाऱ्या वेदनेने ओरडणारे, पण बाकी काहीच लक्षण नसलेले रुग्ण बहुधा बरे होत. ज्यांना घाम फुटून अंग चिंब होई, उलट्या होत, हातपाय गार पडत, पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता येई, ते पुढे धोक्यात जात. ही पूर्वलक्षणे त्यांनी १९८२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. विंचवाचे विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारे बंद होऊ देत नाही. दार उघडेच राहिल्याने एकाच्या जागी ठोक्यांची रांग लागते आणि आपल्या इच्छेविना चालणारी, हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था बेफाम होते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध झगडावे लागते, ते थकते, आणि फुप्फुसात पाणी भरते. माणसाला मारतो तो त्याच्याच शरीराचा अतिरेकी प्रतिसाद. हे ध्यानात आल्यावर बावस्करांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरले आणि त्याचे निष्कर्ष १९८६मध्ये प्रसिद्ध केले. पुढे महाडला ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचूविषावरची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतात हे दिसले; ती चाचणी २०११मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. तालुक्याच्या पातळीवरच्या एका डॉक्टरने नुसत्या बारीक निरीक्षणाने जगाच्या वैद्यकात भर घातली, याचा अभिमान रायगडकरांनी उघडपणे बाळगावा. त्यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट औषधाच्याही आधीची आहे: रुग्णाच्या ओरडण्याऐवजी त्याच्या गार पडलेल्या हातांकडे पाहायचे त्यांनी ठरवले.

कोणी म्हणेल, निसर्गाने वेदना दिली ती रक्षणासाठीच. तिच्यात एवढी भोके कशी राहतील? वेदना रक्षणासाठी आहे यात शंका नाही. ती नसली तर काय होते ते कुष्ठरोगात दिसते. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की हातापायांची झड मुख्यतः बधिरतेमुळे होते. चटका, जखम कळत नाही म्हणून माणूस तोच हात वापरत राहतो. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर झालेल्याची हीच गत, आणि असे रुग्ण आज प्रत्येक गावात आहेत. सोडियमच्या एका विशिष्ट दारात जन्मजात दोष असलेल्या, वेदनाच न जाणवणाऱ्या मुलांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला; अशी मुले खेळताना हाडे मोडून घेतात आणि त्यांना पत्ता नसतो. पण पहारेकरी हवा हे खरे असले तरी त्याला सगळे दिसते असे त्यावरून ठरत नाही. काटा, आग, मार यांच्याविरुद्ध वेदना उत्तम काम करते. स्नायूंच्या सांध्यावर शांतपणे काम करणाऱ्या रेणूसाठी तिच्याकडे ग्राहीच नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे आणि तो अधिक चिवट आहे. 'आमच्याकडे कित्येकांना विंचू चावला, उतरवून घेतला, सगळे बरे झाले.' हे खोटे नाही. बहुतेक दंशांत विष पुरेसे शिरत नाही किंवा वेदनेपलीकडे काही होत नाही. काही तासांत ठणका आपोआप ओसरतो आणि त्याचे श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. अनुभव खरा असतो, त्यावरून काढलेले कारण चुकते. आणि ज्या थोड्यांच्या बाबतीत विष चढते त्यांचा वेळ याच श्रेयापायी जातो. प्रत्येक दंशाने घाबरून जावे असेही यातून निघत नाही. विंचवाच्या नुसत्या ठणक्याला जागेवरचे भुलीचे इंजेक्शन पुरते. प्रश्न बदलला की पुरे: 'किती दुखतंय?' याऐवजी 'घाम येतोय का, उलटी झाली का, हातपाय गार आहेत का, पापण्या मिटतायत का, गिळता येतंय का?' लहान मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पेण आणि रोहा, दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. लावणीच्या दिवसांत जमिनीऐवजी खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा; रात्री अंगणात उतरताना बॅटरी आणि पायात बूट असू द्या. साप चावल्याचा नुसता संशय आला, तरी जागेवर कापू नका, आवळून बांधू नका, चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट रुग्णालयात न्या. आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय आपल्या घरापासून सर्वांत जवळ कुठे आहे, हे जून उजाडण्याआधी विचारून भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.