थंडीचा हक्क

श्रोतेहो, वैशाखातल्या अशा संध्याकाळी, रुमालाने वारा घेत बसलेल्या मंडळींपुढे थंडीच्या हक्काविषयी बोलायचे म्हणजे थट्टाच वाटेल. असला काही हक्क असेल तर तो आधी आम्हांलाच मिळू द्या, असेही कोणी म्हणेल. आपल्याकडे थंडी म्हणजे घोंगडी नसलेल्याचे हाल. म्हणूनच ‘थंड राहण्याचा हक्क’ अशा अर्थाचे एका आत्मवृत्ताचे नाव मी प्रथम वाचले तेव्हा मलाही ते चमत्कारिकच वाटले होते.

२०१५ साली निघालेल्या त्या पुस्तकाची लेखिका शीला वॉट-क्लुतिए. नावावरून ही बाई शेजारच्या आळीतली वाटावी. परंतु तिचा जन्म १९५३ साली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, उत्तरेकडील कूजुआक या गावी झाला. ती इन्युइट आहे. शाळेच्या भूगोलात आपण या लोकांना एस्किमो म्हणून ओळखत आलो. ते स्वतःला इन्युइट, म्हणजे ‘माणसे’, म्हणवतात. शीलाबाईंना आई आणि आजी यांनी वाढविले. पहिली दहा वर्षे प्रवास काय तो कुत्र्यांच्या घसरगाडीतून. दहाव्या वर्षी सरकारी योजनेनुसार त्यांना दूर दक्षिणेकडे, परक्या कुटुंबात, शिक्षणासाठी धाडण्यात आले. आपली भाषा, आपले अन्न, आपली माणसे एकदम तुटणे म्हणजे काय, हे त्यांना असे लहानपणीच कळले.

या लोकांना बर्फ म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. समुद्र गोठला की तोच त्यांचा हमरस्ता. त्याच्यावरूनच शिकारीला जायचे, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला जायचे. सील मासळीसारखा पाण्यात राहतो, पण श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो. त्या भोकापाशी शिकारी तासन् तास निश्चल उभा राहतो. शीलाबाई म्हणतात, हीच आमची शाळा. धीर धरणे, उतावळेपणा न करणे, संकटात डोके ठिकाणावर ठेवणे हे मुलगा बापाबरोबर बर्फावर शिकतो. त्यांच्या भाषेत ‘सिला’ हा शब्द हवामानालाही लावतात आणि शहाणपणालाही. बर्फ गेला म्हणजे रस्ता जातो, कोठार जाते आणि शाळाही जाते.

परंतु शीलाबाईंची पहिली लढाई बर्फाची नव्हती, दुधाची होती. १९८०च्या दशकात नुनाविकमधील मातांचे दूध तपासले गेले, तेव्हा त्यात पीसीबी नावाची कारखानी रसायने दक्षिण क्वेबेकमधील स्त्रियांच्या दुधापेक्षा सुमारे पाचपट निघाली. जिथे कारखाना नाही, शेत नाही, तिथे हे विष आले कोठून? ही रसायने उष्ण प्रदेशात वाफ होऊन उडतात, वाऱ्याबरोबर जातात आणि थंडी लागली की खाली बसतात; पुन्हा उडतात, पुन्हा बसतात. अशा टप्प्याटप्प्यांनी ती ध्रुवाकडे पोचतात. ती चरबीत साठतात. सूक्ष्म जीवांतून माशात, माशातून सीलात आणि सीलातून माणसात त्यांचे प्रमाण वाढत जाते. शेवटचा मुक्काम आईच्या दुधात.

अशा रसायनांवर जागतिक करार व्हावा म्हणून वाटाघाटी चालल्या होत्या. शीलाबाई तेव्हा इन्युइटांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कॅनडा शाखेच्या अध्यक्षा होत्या. १९९९ साली नैरोबीच्या बैठकीत त्यांनी दगडात कोरलेली माता-बालकाची एक लहानशी मूर्ती भेट दिली, आणि पुढच्या वाटाघाटींत ती अध्यक्षांच्या मेजावर असे. येथे आपला संबंध येतो. यादीत डीडीटी होते. हिवतापाच्या मोहिमेत घरोघर भिंतींवर फवारलेले डीडीटी आपल्यातील वडीलधाऱ्यांना चांगले आठवत असेल. रायगड जिल्ह्यातील रसायनीला त्याचे उत्पादनही होत असे. शीलाबाईंनी आपल्या बाळांसाठी डीडीटी तत्काळ बंद करा असा हट्ट धरला असता तर त्यांना दोष कोणी दिला असता? त्यांनी तो धरला नाही. उत्तरेकडच्या आईला दुधाची भीती वाटू नये आणि दक्षिणेकडच्या आईला लेकराला तापातून वाचवण्यासाठी तेच विष वापरावे लागू नये, दोघींसाठी दुसरा मार्ग शोधा, असे त्यांचे म्हणणे. मला या बाईंची थोरवी सर्वांत जास्त इथे दिसते. २००१ साली स्टॉकहोम करार झाला. त्यात हिवतापासाठी डीडीटीला सवलत राहिली, आणि प्रस्तावनेत ध्रुवप्रदेशातील मूळ रहिवाशांचा उल्लेख आला. भारत २००६ साली करारात सामील झाला.

मग बर्फाकडे वळणे प्राप्तच होते. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश १९७९पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. ज्या वाटेने वाडवडील गेले त्याच वाटेवर अनुभवी शिकारी बर्फ फुटून बुडू लागले. ७ डिसेंबर २००५ रोजी शीलाबाईंनी आणखी ६२ इन्युइटांसह अमेरिकी राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविरुद्ध अर्ज केला. तुमच्या धुरामुळे आमचे जगणे, आमची संस्कृती, आमचे अन्न हिरावले जात आहे, तेव्हा हा केवळ हवेचा प्रश्न नाही, हक्काचा आहे, असा त्याचा आशय. तोवर या विषयावर बोलणारे पांढऱ्या अस्वलाचे चित्र दाखवीत. माणूस चित्रात नव्हताच. २००६ साली आयोगाने अर्ज पुढे चालविण्यास नकार दिला. १ मार्च २००७ रोजी वॉशिंग्टनला त्यांचे म्हणणे मात्र ऐकून घेतले. निवाडा झाला नाही.

हरलेला दावा म्हणून तो सोडून देता येत नाही. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निर्मळ व निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क मानला. जुलै २०२५ मध्ये त्याच अमेरिकी राष्ट्रांच्या मानवी हक्क न्यायालयाने निरोगी हवामानाच्या हक्काला मान्यता देणारे मत दिले. ते मत सल्ल्याचे आहे, हुकुमाचे नव्हे, आणि त्याने धूर आवरलेला नाही.

आणि कूजुआक? अर्ज नाकारला गेला त्याच २००६ सालच्या जुलैत तिथे पारा ३१ अंशांवर चढला. थंडी आत येऊ नये अशा बेताने बांधलेल्या त्या घरांतून उकाडा बाहेर जाईना. तेव्हा गावाने आपल्या कचेरीतील माणसांसाठी दहा एअरकंडिशनर विकत घेतले.