परदेशात फटफटी घेताना कागदावर नाव कुणाचे ते पाहा

हल्ली आपल्या वस्त्यांमधली पोरेही विमानाने परदेशी जाऊ लागली आहेत. कुणी नोकरीसाठी जातो, तर कुणी मित्रांबरोबर वर्गणी काढून आठ-पंधरा दिवसांच्या सहलीला. 2022 साली मुंबईहून व्हिएतनामला थेट विमान सुरू झाले, तेव्हापासून त्या देशाचे नाव घरोघरी ऐकू येते. तिथे पोचायचे, एखादी जुनी फटफटी विकत किंवा भाड्याने घ्यायची आणि लाओसमार्गे थायलंडपर्यंत फिरून यायचे, असा बेत अनेक जण आखतात. बेत चांगला आहे. जग पाहावे, शहाणे व्हावे. पण निघण्यापूर्वी पोराने आणि त्याच्या आईवडिलांनीही काही गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हा लेख.

व्हिएतनाम हा दुचाकींचा देश आहे. शेतकरी, मास्तर, भाजीवाली, सगळ्यांचे पोट मोटारसायकलवर चालते. उत्तरेकडच्या हनोईपासून दक्षिणेकडच्या हो ची मिन्ह शहरापर्यंतचे अंतर सुमारे 1,700 किलोमीटर. या वाटेवर गावोगावी दुरुस्तीची दुकाने भेटतात. त्यांच्या पाटीवर ‘सुआ से’ असे लिहिलेले असते, म्हणजे ‘गाडी दुरुस्ती’. तिथली साधी गाडी आपल्याकडे 1997 साली आलेल्या ‘हिरो होंडा स्ट्रीट’सारखी असते. गिअर पायाने टाकायचे, पण क्लचचा दांडा नाही. आपल्या पोरांना ती तासाभरात जमते.

भाड्याची की विकतची?

भाड्याच्या साध्या गाडीला दिवसाला साधारण दीड ते दोन लाख डाँग पडतात. आकडा ऐकून घाबरू नका, आपले पाचशे ते सातशे रुपये होतात. काही दुकाने गाडी एका शहरात देतात आणि दुसऱ्या शहरात परत घेतात. जुनी गाडी विकत घ्यायची तर साधारण 200 ते 400 डॉलर लागतात. ‘होंडा विन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या होंडाच्या नसतात, चिनी नकला असतात. एक प्रवासी हनोईत घेतो, हो ची मिन्ह शहरात विकतो. मग तीच गाडी दुसरा घेतो आणि उलट्या दिशेने निघतो. अशी दहा हातांतून गेलेली गाडी वरून रंगवलेली असते, आतून दमलेली असते.

म्हणून घेताना ब्रेक, चेन आणि टायर पाहावेत. इंजिन गार असताना चालू करून धूर पाहावा. आपल्यात गॅरेजमध्ये काम करणारे भाऊ पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण एक गोष्ट त्यांनीही विसरू नये. इंजिनवरचा आणि चेसिसवरचा नंबर गाडीच्या कार्डाशी जुळवून पाहावा.

हे कार्ड म्हणजे आपले आर.सी. बुक. गोम आहे ती इथेच. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाच्या नावावर व्हिएतनाममध्ये गाडीची नोंदणी होत नाही. त्यामुळे पैसे तुम्ही मोजता, किल्ली तुमच्या हाती येते, पण कार्डावर नाव राहते कुठल्यातरी पहिल्या मालकाचे. देशात फिरताना हे कदाचित खपून जाते. सीमेवर मात्र अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, “गाडी कुणाची?”

सीमेवर काय होते?

व्हिएतनामच्या नंबराची गाडी लाओसमध्ये न्यायची तर तिथले कस्टम खाते तिला तात्पुरत्या प्रवेशाचा कागद देते. नाव जुळत नसेल तर कुठे सोडतात, कुठे परत पाठवतात. मागच्या महिन्यात मित्राला सोडले म्हणून आपल्यालाही सोडतील, याचा भरवसा धरू नये. शिवाय तात्पुरत्या कागदावर आत नेलेली गाडी मुदतीत बाहेर काढावी लागते. ती तिथेच विकता येत नाही. डोंगरात इंजिन बसले म्हणून टाकूनही येता येत नाही.

भाड्याच्या गाडीसाठी तर मालकाचे लेखी संमतीपत्र हवेच. बहुतेक दुकानदार देशाबाहेर गाडी न्यायची परवानगी देत नाहीत. न सांगता नेली तर ती चोरी ठरू शकते. लाओसमध्ये वाहने उजवीकडून चालतात आणि थायलंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून, हेही ध्यानात असू द्यावे. सीमा ओलांडताच बाजू बदलते आणि थकलेला माणूस तिथेच चुकतो.

म्हणून आमचे मत असे, की सीमा पायी किंवा बसने ओलांडावी आणि पलीकडच्या देशात तिथली गाडी भाड्याने घ्यावी. दोन पैसे जास्त जातील, पण सीमेवर अडकून पडायची वेळ येणार नाही.

लायसन्सची खरी गोष्ट

आपल्या आर.टी.ओ.त 1,000 रुपये फी भरून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. पुष्कळांना वाटते, हा परवाना खिशात असला की सारे जग मोकळे. तसे नाही. आपला परवाना 1949 च्या जिनिव्हा करारावर निघतो. थायलंड त्या करारात आहे, म्हणून तिथे तो चालतो. व्हिएतनाम 2014 साली 1968 च्या व्हिएन्ना करारात सामील झाला आणि त्याच कराराचा परवाना मानतो. म्हणजे आपला परवाना व्हिएतनाममध्ये मोठ्या गाडीसाठी कामाचा नाही. दुकानदार परवाना न विचारताच किल्ली देईल, कारण त्याला धंदा करायचा आहे. दंड भरताना तो तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

दंड तरी परवडला. खरा फटका दवाखान्यात बसतो. प्रवास विम्याच्या बहुतेक पॉलिसींत अट असते, की त्या देशात चालणारे लायसन्स नसताना गाडी चालवली तर खर्च मिळणार नाही. व्हिएतनाममध्ये मोटारसायकलचा सक्तीचा विमा वर्षाला 66,000 डाँगला, म्हणजे दोन-सव्वादोनशे रुपयांना मिळतो. पण तो आपण ज्याला धडक देऊ त्याच्यासाठी असतो. आपला पाय मोडला तर त्यातून काही मिळत नाही. घरातला कमावता पोरगा परक्या देशात खाटेवर पडला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर इकडे आईच्या अंगावरचा दागिना जातो, बहिणीच्या शिक्षणाचा पैसा जातो. सहल एकाची होते आणि कर्ज सगळ्या घराला फेडावे लागते.

व्हिएतनाममध्ये 15 डिसेंबर 2007 पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे. 2020 पासून दारूचा एक थेंबही पिऊन गाडी चालवणे गुन्हा आहे. पासपोर्ट अनामत म्हणून दुकानात ठेवू नये. रोख अनामत द्यावी, झेरॉक्स द्यावी आणि गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढून ठेवावेत.

आधी शेजार पाहा

सीमेपलीकडे गाडी चालवायची हौस असेल, तर सुरुवात नेपाळपासून करावी. तिथे आपल्या नंबराची गाडी नेता येते आणि आपले लायसन्सही चालते. सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे कस्टमचा कागद करून दिवसांप्रमाणे पैसे भरावे लागतात. मुदत संपण्याआधी परतावे. आपल्या गाडीचा विमा भारतापुरताच असतो, पण जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेशपर्यंत वाढवून घेता येतो. निघण्यापूर्वी विमा कचेरीत जाऊन तशी नोंद करून घ्यावी. गाडी भावाच्या नावावर असेल तर त्याचे सहीचे पत्र बरोबर ठेवावे.

तेव्हा निघण्यापूर्वी घरात सगळ्यांनी बसून तीन प्रश्न विचारावेत. गाडीच्या कागदावर नाव कुणाचे? त्या देशात आपले लायसन्स चालते का? अपघात झाला तर पैसे कोण देणार? तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली तर पोराला खुशाल जाऊ द्यावे. एकाचेही उत्तर “बघू तिथे गेल्यावर” असे आले, तर पोराने बसचे तिकीट काढावे. बसच्या खिडकीतूनही देश पाहता येतो.