संगणकातील उष्णतेचे वहन : हीटपाइपचे कार्य

संगणकाच्या प्रोसेसरला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम प्रोसेसर सुमारे १५ वॅट उष्णता निर्माण करीत असे. २००४ मधील पेंटियम ४ च्या वरच्या श्रेणीत हा आकडा ११५ वॅटवर गेला आणि आज मेजावरच्या संगणकातील शक्तिशाली प्रोसेसर पूर्ण भारावर २०० वॅटचीही मर्यादा ओलांडतात. ही सारी उष्णता टपाल तिकिटाएवढ्या जागेतून बाहेर काढावी लागते. ती निघाली नाही, तर प्रोसेसर स्वतःचा वेग घटवितो किंवा संगणक बंद पडतो.

उष्णता हवेत सोडण्यासाठी पातळ धातुपत्र्यांचे विस्तीर्ण पृष्ठफळ लागते. परंतु तेवढे पत्रे प्रोसेसरवर दाटीवाटीने बसविता येत नाहीत. ते काही अंतरावर ठेवावे लागतात. मग उष्णता तेथवर न्यायची कशी? तांबे उत्तम उष्णतावाहक आहे, हे शालेय पुस्तकातही असते. तरीही ६ मिलिमीटर व्यासाच्या व १५ सेंटिमीटर लांबीच्या भरीव तांब्याच्या कांबीतून केवळ ३० वॅट उष्णता वाहून न्यायची, तर तिच्या दोन टोकांच्या तापमानात सुमारे ४०० अंश सेल्सिअसचा फरक असावा लागेल. त्याच मापाची हीटपाइप हे काम अवघ्या काही अंशांच्या फरकात करते, आणि तीसुद्धा आतून पोकळ असून!

याचे रहस्य अप्रकट उष्म्यात आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४.२ ज्यूल पुरतात. मात्र ४० अंशांच्या आसपास तेवढ्याच पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,४०० ज्यूल लागतात. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, ते याच कारणाने. फरक इतकाच की माठातून झिरपून वाफ झालेले पाणी हवेत जाते, तर हीटपाइपमधील पाणी नळीतच राहते व पुनःपुन्हा कामास येते.

हीटपाइप म्हणजे दोन्ही टोके बंद असलेली तांब्याची नळी. तिच्यातील हवा काढून घेऊन अत्यल्प पाणी भरलेले असते. आत केवळ पाणी व त्याची वाफ असल्याने दाब फार कमी असतो; ४० अंशांना तो वातावरणीय दाबाच्या सुमारे चौदाव्या भागाइतका असतो. म्हणूनच पाणी उकळण्यासाठी १०० अंशांची वाट पाहावी लागत नाही. प्रोसेसरकडील टोकाशी पाण्याची वाफ होते, तेथील दाब किंचित वाढतो आणि वाफ आपोआप थंड टोकाकडे धावते. तेथे तिचे संघनन होऊन अप्रकट उष्मा पत्र्यांना मिळतो. ३० वॅट वाहून नेण्यासाठी मिनिटाला जेमतेम पाऊण ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते.

आता पाणी परत आणण्याचा प्रश्न उरतो. नळीच्या आतील भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर, बारीक जाळी किंवा खाचा असतात. कंदिलाची वात तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने हा थर पाणी मागे खेचतो. पंप नाही, हलणारा भाग नाही, विजेचा खर्च नाही. गुरुत्वाकर्षण विरुद्ध असले, म्हणजे तापलेले टोक वर व थंड टोक खाली असले, तर खाचांच्या नळीची क्षमता बरीच घटते. भुकटीचा थर ते अधिक सोसतो. मर्यादेबाहेर उष्णता दिल्यास मात्र पाणी परतण्याआधीच तापलेले टोक कोरडे पडते आणि प्रोसेसरचे तापमान झपाट्याने चढते. त्यामुळे एका कूलरमध्ये चार ते सहा नळ्या योजतात.

ही कल्पना संगणकासाठी जन्मलेली नव्हे. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉगलर यांना १९४४ मध्ये अशा साधनाचे अमेरिकी पेटंट मिळाले, पण ते दुर्लक्षित राहिले. १९६३ मध्ये लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ते स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यानंतर अंतराळयानांतील तापमान नियंत्रणासाठी ते रूढ झाले.

परीक्षार्थींचा नेहमीचा गोंधळ असा की हीटपाइप थंडावा ‘निर्माण’ करते. ती शीतकपाटाप्रमाणे काम करीत नाही. उष्णता केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. अखेर ती खोलीच्या हवेतच सोडायची असते. प्रोसेसरची मर्यादा १०० अंश धरली, तर २० अंशांच्या खोलीत ८० अंशांचा फरक उपलब्ध असतो. मे महिन्यात नागपूर किंवा चुरू येथे खोलीच ४० अंशांवर गेली की हा फरक ६० अंशांवर येतो, म्हणजे त्याच कूलरची उष्णता सोडण्याची क्षमता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. अशा वेळी महागडी हीटपाइपही हतबल ठरते. त्यातच पत्र्यांच्या फटींत धूळ साचलेली असली, तर वाफेने तत्परतेने आणून दिलेली उष्णता पंख्याच्या वाऱ्याला गाठताच येत नाही.