आरंभींचीं डीझेल एंजिनें व माथेरानची गाडी

वाफेच्या एंजिनांत चाकें स्थिर असतांही बाष्पाचा दाब दट्ट्यावर पूर्ण बळानें पडतो. डीझेल यंत्राची गोष्ट निराळी. तें फिरल्याविना हवा दाबली जात नाहीं व हवा तापल्याविना तेल पेटत नाहीं.

रुडोल्फ डीझेल यांचें यंत्र 1897 मध्यें आउग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. 1912 मध्यें स्वित्झर्लंडांत चाचणीस आलेल्या झुल्झर यंत्राच्या पहिल्या मोठ्या रेल्वे-एंजिनांत यंत्र चाकांस थेट जोडलें होतें; गाडी हालविण्यास कोंडलेली हवा लागे. तो प्रयोग टिकला नाहीं. 1924 मध्यें रशियासाठीं लोमोनोसोव यांनीं सिद्ध केलेल्या एंजिनांत डीझेल यंत्र वीज उत्पन्न करी व ती वीज चाकें फिरवी. यंत्र व चाकें यांमध्यें मध्यस्थ हवा, हें तत्त्व पुढें रूढ झालें.

महाराष्ट्रांत नेरळ-माथेरान हा दोन फुटी मार्ग पीरभाई कुटुंबानें 1907 मध्यें सुरू केला. त्यावर प्रथम ओरेनस्टाइन व कोपेल या जर्मन कारखान्याचीं बाष्पयंत्रें चालत. 1955 च्या सुमारास युंग या जर्मन कारखान्याचीं डीझेल एंजिनें आलीं. तथापि बाष्पयंत्रें 1980 नंतरही कांहीं काळ राबत होतीं. सबब डीझेल आल्याचें वर्ष हेंच वाफ गेल्याचें वर्ष मानूं नये.

संग्राहक एंजिनावरील कारखान्याची पाटी ताम्रपटाप्रमाणें जपतात, तें योग्यच. परंतु पाटी जन्माची साक्ष देते, चाकरीची नव्हे. ती साक्ष शेडच्या नोंदवह्यांतच मिळते. त्या रद्दींत जाण्यापूर्वीं हस्तगत कराव्या.