रुळाखालच्या लोखंडाचा धक्का कोण सोसतो?



आपल्या पत्रिकेत बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांवर नेहमीच लिहिले जाते. या वेळी जरा बाजूचा विषय घेतला आहे. आपली साखर पोत्यांतून वॅगनमध्ये भरून परप्रांतांत जाते. ती ज्या रुळांवरून जाते त्या रुळांखाली आडव्या पट्ट्या असतात, त्यांना आपण स्लीपर म्हणतो. हा स्लीपर लोखंडाचा करायचा, आणि तरीही त्याने धक्का लाकडासारखा जिरवायचा, हे कोडे इंजिनिअर मंडळी दीडशे वर्षे सोडवीत आली आहेत. या कोड्याची एक सुरुवात साखरेच्या शेतातच झाली, म्हणून ते आपल्या कामाचे.

पॅरिसच्या दक्षिणेला पेती-बूर नावाची एक मोठी शेती होती. मालक पॉल देकोव्हिल. तिथे ऊस नाही, साखरेचे बीट पिकायचे. १८७५ साली पावसाने झोडपले, शेताचा चिखल झाला आणि सुमारे ९,००० टन बीट काढून तसेच पडून राहिले. गाडी घालावी तर चाक आसापर्यंत रुतते. आपल्याकडे अवकाळी पाऊस झाला की उसाच्या फडात ट्रॉली अडकते, तोच प्रकार. देकोव्हिलने काय केले, दोन हलके रूळ घेतले, त्यांच्यामध्ये ४० सेंटिमीटर म्हणजे हातभरही नाही एवढे अंतर ठेवले आणि खालून लोखंडी आडव्या पट्ट्या जोडून शिडीसारखे तुकडे तयार केले. असा तुकडा माणसांनी उचलायचा, चिखलावर टाकायचा, पुढचा त्याला जोडायचा आणि वरून छोटे वाघीण-गाडे ढकलीत न्यायचे. पीक निघाले. पुढे हा धंदाच झाला. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या गाडीतून साठ लाखांहून जास्त लोक बसून गेले.

त्या शिडीत रूळ आणि पट्टी एकमेकांना घट्ट जखडलेली होती. मध्ये मऊ असे काही नाही. पण गाडा हलका, वेग माणसाच्या चालीचा, आणि खाली ओली माती. धक्का बसला तरी माती सोसून घेई. हेच जर शंभर पट वजनाला आणि दहा पट वेगाला केले तर? तिथून खरी अडचण सुरू होते.

आपण दोन बैलगाड्या आठवू. एक जुनी, लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली. खडीच्या रस्त्यावर ती चालली की आवाज अर्ध्या कोसावरून ऐकू यायचा, आत बसलेल्याचे दात वाजायचे आणि रस्त्याच्या खडीचे पीठ व्हायचे. दुसरी टायरची. तेच बैल, तोच रस्ता, ओझे उलट जास्त, पण खडखडाट नाही. लोखंड आणि दगड यांच्यामध्ये नुसता रबर आणि हवा आली, एवढाच फरक. रेल्वेचे चाक लोखंडी, रूळ लोखंडी, तिथे टायर बसवता येत नाही. मग मऊपणा रुळाच्या खालीच कुठेतरी घालावा लागतो.

किती धक्का असतो याचा अंदाज असावा म्हणून सांगतो. आजच्या भरलेल्या मालवॅगनच्या एका चाकावर ११ टनांच्या आसपास वजन येते. म्हणजे चार-पाच टायरगाड्यांचा ऊस एका चाकावर, आणि ते चाक रुळाला टेकते ती जागा जेमतेम एखाद्या नाण्याएवढी. ब्रेक लागताना चाक घासत गेले तर त्यावर चपटा डाग पडतो. चाकाचा व्यास साधारण एक मीटर धरा, गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे असे समजा. तो चपटा डाग सेकंदाला सहाहून अधिक वेळा रुळावर घण घालतो. शिवाय रुळांचे सांधे आहेत, रुळाच्या माथ्यावर पडणाऱ्या बारीक लाटा आहेत. त्यांच्यामुळे रूळ सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो. डब्याच्या स्प्रिंगा प्रवाशाला सांभाळतात, रुळाला नव्हे, कारण चाक आणि आस हे स्प्रिंगांच्या खालीच असतात. त्यांचा मार थेट रुळावर, रुळाचा स्लीपरवर आणि स्लीपरचा खडीवर.

लाकूड काय फुकट देत होते

लाकडी स्लीपर दोन रुळांतले अंतर धरून ठेवतो, वजन खडीवर पसरवतो, थरथर आपल्या रेषांमध्ये जिरवतो आणि वर वीजही वाहू देत नाही. वीज न वाहू देणे महत्त्वाचे, कारण पुढे गाडी आहे की नाही हे सिग्नलला कळावे म्हणून रुळांतूनच हलका विद्युतप्रवाह सोडतात. दोन रूळ स्लीपरमधून जोडले गेले तर सिग्नल फसतो. ही सगळी कामे एक लाकडाचा ओंडका मुकाट्याने करीत असे. त्यासाठी वेगळे पैसे पडत नव्हते.

पण लाकूड आणायचे कुठून? १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. मैलाला पावणेदोन ते दोन हजार स्लीपर लागत. साग, साल, देवदार यांची जंगले त्यापायी कापली गेली. उन्हापावसात आणि वाळवीत ते लाकूड फार टिकत नसे, म्हणजे पुन्हा तोड. वनखाते उभे राहण्यामागेही ही रेल्वेची भूक एक मोठे कारण होती.

म्हणून लोखंड आले. आपल्याकडे दोन जाती फार वापरल्या गेल्या. एक बिडाची, तिला सीएसटी-९ म्हणत. दोन रुळांखाली दोन बिडाच्या थाळ्या आणि मध्ये त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. टिकायला चांगली, पण बीड ठिसूळ. गाडी रुळावरून घसरली की थाळ्या तडकत. दुसरी जात पोलादी पत्र्याची. ती कशी दिसते म्हणाल, तर पीठ मळायची लांबट काठवट पालथी घाला, तशी. आतून पोकळ, कडा खाली वळवलेल्या, दोन्ही टोकेही खाली दाबलेली. जर्मनी, स्वित्झर्लंडमध्येही याच घडणीचे स्लीपर खूप वापरले गेले.

ही पालथी काठवट वाटते तितकी साधी नाही. सपाट पट्टी ठेवली असती तर ती खडीवर घसरली असती आणि थाळीसारखी वाजली असती. पोकळीत खडी ठासून भरली की दोन गोष्टी होतात. स्लीपर आडवा सरकत नाही, कारण आतली खडी त्याला अडवून धरते. आणि पत्र्याची थरथर खडीच्या दगडांच्या आपसातल्या घासण्यात जिरते. घंटेला हाताने धरून वाजवा, टण्ण आवाज येत नाही, तसेच हे. मात्र खडी आत नीट ठासली नाही तर हाच स्लीपर मोकळ्या डब्यासारखा वाजतो, आणि ठासली आहे की नाही हे वरून दिसत नाही. पोलादी स्लीपरबद्दल जुन्या गँगमनांची कुरकुर असे ती हीच, आणि ती रास्त आहे.

पण मुख्य दुखणे वर होते, रूळ आणि स्लीपर जिथे भेटतात तिथे. रूळ जागेवर धरायला लोखंडी पाचर ठोकत, तिला चावी म्हणत. लोखंडावर लोखंड, त्यात लोखंडाची पाचर. चाक आले की रूळ केसभर खाली जातो, चाक गेले की वर येतो. पाचरीला लवणे माहीत नाही. हळूहळू तिथे फट पडते. फट पडली की पुढचे चाक रुळाला स्लीपरवर आपटते, आपटले की फट वाढते. म्हणून की-मन नावाचा माणूस रोज आपल्या हद्दीतले किलोमीटर चालत, खांद्यावर हातोडा घेऊन, सैल चाव्या ठोकीत जाई. ऊन असो की मुसळधार पाऊस. एका किलोमीटरमध्ये दीड हजारांवर स्लीपर आणि प्रत्येकावर दोन्ही रुळांच्या चाव्या, म्हणजे हिशेब करा. त्यातल्या ओळीने काही निसटल्या तर वरून जाणाऱ्या गाडीचे काय होईल हे सांगायला नको. हजारो प्रवाशांचा जीव त्या हातोडीवर होता.

स्प्रिंग आणि खाचांचा रबर

यावर उपाय निघाला तो जोडीने. रुळाखाली रबराची गादी आणि रूळ दाबून धरायला पाचरीऐवजी वाकवलेली स्प्रिंग. १९५७ साली नॉर्वेच्या पेर पांडे-रॉल्फसेन या इंजिनिअरने पोलादी सळई वळवून एक क्लिप तयार केली. त्याच्या आडनावावरून तिला पँड्रोल म्हणतात. पुढे भारतातही तिचा प्रसार झाला. स्टेशनावर उभे असताना रुळाच्या कडेला पहा, जाड सळईचा पिळलेला आकडा दिसेल, तोच हा.

तिची गंमत अशी. बसवताना ती सुमारे १३ मिलिमीटर वाकते आणि मग ८५० ते १,१०० किलोच्या दाबाने रुळाचा पाय धरून ठेवते. खालचा रबर झिजून एक मिलिमीटर पातळ झाला तर दाबाचा साधारण तेरावा हिस्सा जातो, बाकीचा राहतो. पाचरीखाली एक मिलिमीटर गेला असता तर सगळाच दाब गेला असता. रूळ खाली-वर झाला तर स्प्रिंग त्याच्याबरोबर जाते, हात सोडत नाही.

आता गादी. सहा मिलिमीटर जाडीचा रबर, त्याला खाचा पाडलेल्या. खाचा कशाला, असे कुणीही विचारील. आपला समज असा की रबर दाबला की लहान होतो. तसे नाही. भाकरीचा गोळा थापला तर पीठ कमी होत नाही, बाजूला पसरते. रबराचेही तेच. त्याला बाजूला फुगायला जागा नसेल तर तो दगडासारखाच कडक लागतो. खाचा म्हणजे त्याला फुगायला ठेवलेली जागा. चाक आले की रबर खाचांत शिरतो, गेले की परत येतो, आणि या ये-जा करण्यात धक्क्याचा काही भाग उष्णता होऊन निघून जातो. फार मऊ गादीही चालत नाही बरे का, नाही तर रूळ वळणावर कलंडतो. शिवाय हा रबर आणि क्लिपखालचा नायलॉनचा तुकडा मिळून वीज अडवतात, म्हणजे सिग्नलचेही काम झाले. लाकूड जे एकट्याने करीत होते ते आता चार वस्तूंमध्ये वाटले गेले: पोलाद अंतर धरते, खडी वजन पसरते, रबर थरथर खातो, नायलॉन वीज अडवतो.

आज आपल्याकडच्या मुख्य मार्गांवर बहुतेक ठिकाणी सिमेंट काँक्रीटचे स्लीपर आले आहेत. पोलादी स्लीपर ८० किलोच्या आसपास, काँक्रीटचा पावणेतीनशेच्या घरात. जड असल्याने तो जागचा हलत नाही. मग पोलादाचे काम संपले का? नाही. लोखंडी गर्डरचे पूल पहा. तिथे खडीच नाही, स्लीपर सरळ गर्डरवर. खाली डोकावले तर नदी दिसते. काँक्रीटचे ओझे अशा पुलावर नको, आणि लाकूड मिळेना. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक निर्बंध घातल्यावर तर ते आणखी दुर्मिळ झाले. म्हणून पुलांवर आधी चॅनेलचे आणि अलीकडे एच आकाराच्या तुळईचे पोलादी स्लीपर बसवीत आहेत.

आणि इथे जुने कोडे पुन्हा पुढे येते, जास्त कठीण होऊन. लोखंडी रूळ, लोखंडी स्लीपर, लोखंडी गर्डर. धक्का खायला मातीही नाही, खडीही नाही. म्हणून रबर दोन जागी घालतात, एक रूळ आणि स्लीपर यांच्या मध्ये, दुसरा स्लीपर आणि गर्डर यांच्या मध्ये. तो नसेल तर थरथर गर्डरच्या रिव्हेटांपर्यंत जाते, आणि रिव्हेट ढिला झाला तर तो बदलायला पुलावर वाहतूक रोखावी लागते.

साखरेच्या धंद्यात हा विषय परका नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये आजही ऊस ६१० मिलिमीटर रुंदीच्या छोट्या रेल्वेने कारखान्यात येतो. सगळ्या कारखान्यांचे मिळून सुमारे ४,००० किलोमीटर रूळ आहेत, आणि त्यांत पोलादी स्लीपर भरपूर. आपल्याकडेही हरेगाव, वालचंदनगर अशा ठिकाणी एकेकाळी छोट्या रुळांवरून ऊस येई. आता ट्रॅक्टर आणि टायरगाड्या आहेत.

राहिला की-मन. त्याचे चालणे थांबलेले नाही. हातोडीचे काम कमी झाले, पण रबर उन्हाने कडक होतो, क्लिप तिच्या घरात गंजून बसते आणि काढायला गेले की तुटते. म्हणून क्लिप ठराविक मुदतीने काढून, घर साफ करून, ग्रीस लावून परत ठोकायची असते. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे काम जास्त वेळा करावे लागते. पुढच्या वेळी गाडीच्या खिडकीतून भगवा अंगरखा घातलेला माणूस रुळाकडेला बाजूला होऊन उभा दिसला, तर त्याच्या पिशवीत बहुधा हातोडी, पाना आणि दोन-चार क्लिपा असतील.